उपासना कोणाच्या स्वरात, कोणाच्या शेजारी?

१/१५
१८२९ साल. तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीतील, पन्नाशी ओलांडलेला एक तमिळ कवी आपल्याच चर्चच्या नव्या मिशनऱ्यांविरुद्ध गाऱ्हाणे मांडत होता. त्याचे नाव वेदनायगम् शास्त्री. त्याच्या तक्रारी मुख्यतः चार होत्या. लोकांच्या तोंडी बसलेल्या तमिळ शास्त्राच्या शब्दांत मिशनऱ्यांनी ढवळाढवळ केली. सणांतील फुलांची आरास बंद केली. चर्चमध्ये तमिळ पदे गाण्यास मनाई केली. आणि निरनिराळ्या जातींच्या माणसांना बळेच एकत्र बसवले.

पहिल्या तीन तक्रारी वाचताना आपण नकळत कवीच्या बाजूला जातो. परक्याने येऊन आपली भाषा, फुले आणि गाणी का काढून घ्यावीत? चौथ्या तक्रारीपाशी मात्र आपण थबकतो. तिथे मिशनरी बरोबर वाटतात आणि कवी चुकलेला. एकाच माणसाच्या एकाच अर्जात हे दोन्ही कसे मावले?

ख्रिस्ती माणसाची उपासना खरी आणि अर्थपूर्ण कशामुळे होते, या जुन्या प्रश्नाची सारी गुंतागुंत या अर्जात आहे. मित्रहो, आजच्या धाग्यात आपण याच प्रश्नाचा मागोवा घेऊ. वाट रोमहून गोव्याला, तेथून अहमदनगर आणि केडगावला जाते, आणि शेवटी पुन्हा तंजावरला येते.

२/१५
प्रथम मूळ ग्रंथांकडे. उपासनेतील ढोंगावर सर्वांत कठोर टीका बायबलच्याच पानांवर आढळते. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील आमोस हा मेंढपाळ संदेष्टा इस्राएलच्या लोकांना बजावतो, की देवाला तुमचे उत्सव नकोसे झाले आहेत आणि तुमच्या गाण्यांचा कलकलाट त्याला ऐकवत नाही. त्याचे कारणही तो सांगतो. बाजारात गरिबाची मापे मारली जातात आणि न्याय विकला जातो. यशयाच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात हाच सूर आहे.

येशूच्या उपदेशात हा धागा पुढे येतो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला भावाशी झालेले भांडण आठवले, तर त्याने अर्पण तिथेच ठेवावे, आधी समेट करावा आणि मग परत यावे, असे डोंगरावरील प्रवचन सांगते. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरची शोमरोनी स्त्री विचारते, की खरे उपासनास्थान आमचा डोंगर की तुमचे यरुशलेम? दोन्हींपैकी एकही जागा निर्णायक नाही, उपासना आत्म्याने व सत्याने व्हावयास हवी, असे उत्तर तिला मिळते.

जागा आणि विधी दुय्यम ठरले. उरले दोन प्रश्न. उपासकाचे अंतःकरण त्यात आहे का? आणि शेजाऱ्याचे काय?

३/१५
हा दुसरा प्रश्न ख्रिस्ती समाजाला अगदी बाल्यावस्थेतच भेडसावला. इ. स. ५५च्या सुमारास पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले. तेथे प्रभुभोजनासाठी सारे एकत्र जमत. परंतु सुखवस्तू मंडळी आधीच जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असा पौलाचा निर्वाळा आहे. भाकर, द्राक्षरस, प्रार्थना सारे यथासांग होते. पण पंक्तीत भेद होता, आणि तेवढ्याने विधी पोकळ ठरला.

सुमारे शंभर वर्षांनंतर, रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनग्रंथात ख्रिस्ती रविवारचे वर्णन केले आहे. लोक एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, अध्यक्ष उपदेश करतो, सारे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर व द्राक्षरस वाटला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा घरी पोहोचवला जातो. जमलेल्या निधीतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते.

ध्यानात घ्या, जस्टिन या दानाची नोंद उपासनेच्या वर्णनातच करतो. त्याच्या लेखी ते रविवारच्या उपासनेचाच भाग होते.

४/१५
आता पहिल्या प्रश्नाकडे, अंतःकरणाकडे वळू. अंतःकरणाला भाषा लागते. रोममधील आरंभीचे ख्रिस्ती ग्रीकमध्ये उपासना करीत. पुढे लोकांची भाषा म्हणून लॅटिन आली. पण शतके लोटली, लोकांच्या भाषा बदलल्या आणि लॅटिन मात्र वेदीपाशी तशीच राहिली. १५२६ साली मार्टिन लूथरने जर्मन भाषेतील उपासनाक्रम प्रसिद्ध केला. उलट, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक मिस्सेसाठी लॅटिन कायम ठेवली.

१५४९ साली इंग्लंडमध्ये संसदेच्या कायद्याने इंग्रजी प्रार्थनापुस्तक लागू झाले. लोकभाषेतील उपासना म्हणजे लोकांना आनंद व्हावा, असे वाटेल. परंतु नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉलमध्ये बंड उसळले. बंडखोरांचे एक म्हणणे असे, की आमच्यातील कित्येकांना इंग्रजी कळतच नाही! त्यांची भाषा कॉर्निश होती. लंडनला जी लोकभाषा वाटत होती, ती कॉर्निश शेतकऱ्याला सरकारी हुकूम वाटली.

म्हणजे ‘लोकांच्या भाषेत उपासना’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या लोकांच्या, आणि ते कोणी ठरवले, हेही विचारावे लागते. योगायोग असा, की त्याच १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात एक मूल जन्माला आले, ज्याने पुढे मराठीत पुराण रचले.

५/१५
थॉमस स्टीफन्स. प्रॉटेस्टंट इंग्लंडमधील हा कॅथलिक तरुण देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. उरलेले सारे आयुष्य, सुमारे चाळीस वर्षे, त्याने मुख्यतः सासष्टीत काढले. १६१९ मध्ये तो वारला.

तो ज्या सासष्टीत आला, तेथील परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली. कित्येक कुटुंबे आपली दैवते घेऊन नदीपलीकडे गेली. जी राहिली, त्यांच्यावर कायद्यांचा आणि सवलतींचा दुहेरी दाब होता. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्याच्या सोबत्यांना ठार मारले. पोर्तुगिजांनी त्याचा क्रूर सूड घेतला. त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सने ही हकिकत कळवली आहे.

अशा भूमीवरच्या उपासनेला प्रामाणिक म्हणावे का? सक्तीने गुडघा टेकवता येतो. मनाचे तसे नसते. सासष्टीच्या चर्चमध्ये उभ्या असलेल्या त्या पहिल्या पिढीच्या मनात काय होते, हे सत्ताधाऱ्यांच्या कागदांतून क्वचितच समजते. तरी एका ठिकाणी त्या माणसांचा आवाज अस्पष्टसा ऐकू येतो.

६/१५
ते ठिकाण म्हणजे स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा आरंभ. तेथे धर्मशिक्षणाच्या वर्गाचा प्रसंग आहे. जमलेल्यांपैकी एक जण पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? प्रसंग काव्यातला आहे, तरी त्यातली गरज खरी असावी. पाठ करावयाची प्रश्नोत्तरे होती, आज्ञा होत्या. पण संध्याकाळी चारचौघांत बसून ऐकावे, ज्यात कथा असावी, रस असावा, नादाने डोके हलावे, असे काही उरले नव्हते.

१६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे छापल्या गेलेल्या या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. भाषा मराठी, ऐकणाऱ्यांना सोपे जावे म्हणून तीत कोंकणी शब्द मिसळलेले. छपाई रोमन लिपीत. मराठीच्या थोरवीवरील त्याच्या ओव्या आजही शाळेपासून संमेलनापर्यंत आठवल्या जातात.

मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. परंतु रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये हे पुराण वाचले जाऊ लागले. विधी परका होता, कथा ओळखीच्या छंदात होती. पुराण लोकांच्या इतके अंगवळणी पडले, की १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापावे लागले. या तीनही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. टिकली ती हस्तलिखिते. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून नवी आवृत्ती काढली.

७/१५
आणि मग राजसत्तेने या भाषेकडेच संशयाने पाहिले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने फर्मान काढले, की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेला जाहीरनामा घरात शिरला. अंगणातील तुळस, लग्नातील रीती, एवढेच काय, लग्नात गायच्या ओव्याही निषिद्ध ठरल्या.

विचार करा. ज्या ओवीत सव्वाशे वर्षांपूर्वी याच चर्चने ख्रिस्ताची कथा सांगितली, तीच ओवी बायकांच्या तोंडून लग्नघरात आली की गुन्हा ठरे. ओवी वाईट की चांगली हा प्रश्न त्यामागे नव्हताच. तिच्यावर ताबा कोणाचा, हा होता.

गोव्याच्या या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांच्या भाषेत उपासना उतरली की ती त्यांची होऊ लागते, आणि म्हणूनच सत्तेला ती नकोशी होते. फर्मानाने माणसाचे नाव बदलता येते. त्याच्या प्रार्थनेत प्राण ओतण्याचे काम फर्मानाच्या कक्षेबाहेरचे आहे.

८/१५
आता देशावर येऊ. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईला पोहोचले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे उभारले. येथील मिशनऱ्यांच्या हाती गोव्यासारखे इन्क्विझिशन नव्हते. बायबलचे मराठी भाषांतर झाले, प्रवचने मराठीत होऊ लागली, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. भाषेचा प्रश्न सुटला, असे वाटावे.

पण गीतांचे काय? आरंभीची पुष्कळ गीते म्हणजे इंग्रजी भजनांची भाषांतरे, इंग्रजी चालींत बसवलेली. मराठी शब्दाचा आघात एकीकडे, चालीचा ठोका दुसरीकडे. ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करीत शब्द कसाबसा ओढून न्यावा लागे. शब्द कळत, पण त्यांनी जीव हेलावत नसे.

अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मंडळींनी येथे वेगळी वाट धरली. त्यांनी देशी चालींत पदे रचली आणि कीर्तनाचे माध्यम ख्रिस्ती कथेसाठी वापरले. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडावयाचे, उत्तररंगात आख्यान लावावयाचे. येशूचे दृष्टांत तर या साच्यात सहज बसणारे. गावोगावचा श्रोता चर्चच्या बाकावर अवघडून बसे, तोच कीर्तनाला मांडी घालून तासन् तास ऐके. त्याच्या बैठकीतच फरक पडत होता.

९/१५
या वाटेवरचे सर्वांत मोठे नाव नारायण वामन टिळक. कोकणात करजगाव येथे चित्पावन कुटुंबात जन्मलेला हा कवी १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचू लागला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांचे कार्य अहमदनगर भागात झाले.

आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी टिळकांची भावना होती. ते केवळ सुंदर वाक्य नव्हे. त्यांच्या रचनेची ती कार्यपद्धती होती. मराठी भक्तीजवळ देवाशी बोलण्याचे शतकानुशतके घडवलेले शब्द होते. तळमळ, रुसवा, लाज, आईच्या कुशीत शिरणे, हे सारे व्यक्त करणारी भाषा अभंगात तयार होती. टिळकांनी ती भाषा घेऊन शेकडो अभंग व पदे लिहिली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीता’त ती आजही गायिली जातात.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे यावेत, अशी कल्पना होती. पगार घेऊन केलेली सेवा आणि अंतःकरणाची उपासना यांत अंतर पडू नये, ही धडपड त्यामागे होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले, आणि दरबाराचे स्वप्न अपुरे राहिले.

१०/१५
पंडिता रमाबाईंनी हाच प्रश्न अधिक रोखठोकपणे विचारला. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनीसंघाला वाटे, की त्यांनी लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालावा. रमाबाईंनी हरकत घेतली. शब्द कोरायचेच तर ते संस्कृतात का नसावेत? संस्कृत देवांची भाषा आहे, म्हणून नव्हे. ती आपल्या मायभूमीची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे, म्हणून. लॅटिनमध्ये असे कोणते अधिक पावित्र्य आहे?

पण गोष्ट येथे थांबत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या शेकडो मुली व विधवा राहू लागल्या, तेव्हा याच संस्कृतज्ञ पंडितेने बायबलच्या भाषांतरासाठी अगदी साध्या मराठीचा आग्रह धरला. पूर्वीच्या भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना खटकत. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी अनेक वर्षे हे काम केले. आश्रमातील स्त्रियाच छपाई करीत. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, तोवर काम पुरे होत आले होते. १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

वाँटेजमध्ये संस्कृतचा आग्रह आणि केडगावात संस्कृतचा त्याग. वरवर विसंगती, पण कसोटी एकच. उपासना करणारी व्यक्ती कोण आहे?

११/१५
१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या. सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनअखेरीस मुक्तीत मोठी जागृती झाली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या काही युरोपियनांना हा गोंधळ वाटला.

रमाबाईंची भूमिका लक्षणीय आहे. त्यांनी ही उपासना बंद पाडली नाही. भारतीय माणसाची जागृती त्याच्या प्रकृतीला व भावनेला साजेशीच असणार. तिला पाश्चात्त्य शिस्तीच्या चौकटीत बसवण्याचा अट्टहास कशासाठी, असे त्यांचे सांगणे होते.

ज्या मुलींना घरात मोठ्याने हसण्याचीही मुभा नव्हती, त्या देवापुढे मोठ्याने रडत होत्या. हे दैवी होते की केवळ भावनावेग, याचा निवाडा इतिहासकाराने करू नये. परंतु तो आवाज त्यांचा स्वतःचा होता, आणि तो त्यांना प्रथमच सापडला होता, हे तो नोंदवू शकतो.

१२/१५
येथवर कथा सरळ आहे. परकी चाल खोटी, आपली चाल खरी. पण ‘आपली’ म्हणजे कोणाची? कॉर्नवॉलच्या शेतकऱ्याचा प्रश्न महाराष्ट्रात अधिक धारदार होतो.

अहमदनगर भागातील ख्रिस्ती मंडळीत बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आले होते. टिळक आणि रमाबाई ब्राह्मण घरांतून आलेले. त्यांच्यासाठी कीर्तन, अभंग, संस्कृत हा वारसा होता. ज्यांना देवळाच्या पायरीपाशी थांबवले जाई, त्यांचे या वारशाशी नाते इतके सरळ नव्हते. चोखोबांचे अभंग त्यांचे होते, एकतारीवरचे भजनही त्यांचे होते. पण जुन्या परंपरेत त्यांचा अपमानही होता. अशा एखाद्याला परक्या चालीतले गीतच मोकळे वाटले असेल, कारण त्या चालीला गावाची वेस नव्हती, तर ती भावना खोटी कशी म्हणावी?

केवळ देशीपणाने उपासना खरी होत नाही, ती या कारणाने. देशी स्वराबरोबर देशी पंक्तिभेदही आत येऊ शकतो. आता आपण तंजावरच्या त्या कवीकडे परत जाण्यास सिद्ध झालो.

१३/१५
वेदनायगम् शास्त्री वेळ्ळाळ कुटुंबात १७७४ मध्ये जन्मले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्यांना लहानपणीच तंजावरला आणून शिकवले. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्यावरही याच श्वार्ट्झ यांचे छत्र होते. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले, तेव्हा सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरात आजही आहे. शास्त्री पुढे ख्रिस्ती तमिळ काव्याचे मोठे नाव झाले. त्यांचे ‘बेथलहेम कुरवंजी’ प्रसिद्ध आहे.

तंजावरच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ व तत्सम जातींचे लोक एका बाजूला आणि परैयर दुसऱ्या बाजूला बसत. शास्त्रींच्या मते हा लौकिक व्यवहार होता, धर्माशी त्याचा संबंध नव्हता. नव्या मिशनऱ्यांना हे मान्य नव्हते. १८२९ मध्ये शास्त्रींना मिशनच्या सेवेतून दूर करण्यात आले. ५ जुलै १८३३ रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद तत्काळ व कायमचा सोडण्याचा आदेश दिला. बरेच उच्चजातीय ख्रिस्ती मंडळी सोडून गेले.

मिशनऱ्यांकडे बोट दाखवणेही सोपे आहे. त्याच काळात इंग्लंडातील कित्येक चर्चमध्ये पैसे भरून बाक राखून ठेवण्याची चाल होती आणि गरीब मागे बसत. आपल्या घरचा पंक्तिभेद त्यांना सहजासहजी दिसला नाही. तरी तंजावरच्या वेदीपाशी त्यांनी विचारलेला प्रश्न करिंथचाच होता. आणि शास्त्रींनी विचारलेला प्रश्नही खोटा नव्हता. गाणी बंद करून समता आणता येईल, असे समजणे ही मिशनऱ्यांची चूक. गाणी आपली राहिली की शेजारी दूर बसला तरी चालेल, असे समजणे ही शास्त्रींची.

१४/१५
हे दोन प्रश्न एकाच आयुष्यात एकत्र आलेले पाहावयाचे, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पतीजवळ राहू लागल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक, पाणी, सारे निराळे.

त्यांचे परिवर्तन मोठ्या तात्त्विक वादातून झाले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसांनी केला, हा विचार एके दिवशी मनात पक्का झाला, आणि त्यांनी खाण्यापिण्यातील विटाळ सोडून दिला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी पाणी, मग बाप्तिस्म्याचे पाणी, असा हा क्रम. आधी समेट करून मग वेदीपाशी यावे, या उपदेशाशी तो किती जुळतो!

याच बाईंनी पुढे पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य पूर्णत्वास नेले. मराठी ओवी त्यांनी सोडली नाही; शेजाऱ्याला दूर ठेवण्याची रीत तेवढी सोडली. तंजावरला जे वेगळे करता आले नाही, ते एका स्वयंपाकघरात वेगळे झाले.

१५/१५
४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज संमत केला. साऱ्या भाविकांचा जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हे त्याचे सूत्र होते, आणि लोकभाषांना मिस्सेचे दार उघडले गेले. वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली. रायतूरच्या ओवीने बाहेरच्या ओट्यावर जी जागा मिळवली होती, ती वेदीपाशी मिळण्यास साडेतीन शतके लागली.

दुसरा प्रश्न मात्र दस्तऐवजाने सुटणारा नाही. चर्चच्या बाकावर आणि दफनभूमीत जात आजही अनेक ठिकाणी जागी आहे, आणि तिच्याविरुद्धचा लढाही चालू आहे.

तर, ख्रिस्ती उपासना खरी कशाने होते? या इतिहासातून मला जे दिसते ते असे. ती सक्तीने होत नाही. उपासकाला स्वतःच्या आवाजात देवाशी बोलता आले पाहिजे. तो आवाज ओवीचा असो, अभंगाचा, मोठ्याने केलेल्या रुदनाचा, किंवा परक्या चालीचा. आणि तो आवाज उमटत असताना शेजारी बसलेल्याला मागे सरकवलेले नसावे. यांतील एक गोष्ट साधून दुसरी सोडणारे प्रामाणिक लोक प्रत्येक शतकात झाले. वेदनायगम् शास्त्रींचा अर्ज म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. आपल्या कोणत्याही देवघरात, देवळात, मशिदीत, विहारात, चर्चमध्ये आपण काय जपतो आहोत आणि त्याच्या आडून कोणाला दूर ठेवतो आहोत, हे तपासण्यासाठी.

तुमच्या गावात, घरात उपासनेच्या भाषेबद्दल किंवा बसण्याच्या जागेबद्दल अशी एखादी जुनी आठवण कोणी सांगत असेल, तर खाली जरूर लिहा. इतिहासाची बरीच साधने अशीच वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात असतात.